उतारवयाचा चेहरा आणि शल्यवैद्याची सुरी

गेल्या वैशाखात आमच्या घरी धाकट्या नातवाची मुंज झाली. जालन्याचा उन्हाळा आणि मांडवातील गर्दी यांचा त्रास सोसूनही मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत सर्व काही यथासांग पार पडले. ऊन कलल्यावर घरातील सर्व मंडळींचे एकत्र छायाचित्र काढण्याची वेळ आली. पहिल्या रांगेतील मधली खुर्ची आमच्या वडील भगिनींची, म्हणजे अक्कांची. हा मान त्यांना घरात कोणी दिलेला नाही. तो आपसूकच त्यांच्याकडे आलेला आहे. परंतु छायाचित्रकार तयार झाला तेव्हा "स्वयंपाकघरात पाहून येते" असे म्हणून अक्का आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्या दिवशीचा स्वयंपाक आचाऱ्यांकडे होता, ही गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. छायाचित्र छापून घरी आले आणि त्यात मधली खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा ती ध्यानात आली.

अक्कांचे वय आज एकाहत्तर वर्षांचे आहे. यजमान अकाली गेले, मूलबाळ झाले नाही. जिल्ह्यातील निरनिराळ्या शाळांत त्यांनी तीस वर्षे मुलींना शिकविले आणि निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहावयास आल्या. निवृत्तिवेतन त्यांचे स्वतःचे आहे व त्याचा हिशेबही त्या स्वतःच ठेवतात. समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यामुळे आमच्या घराण्यात दासबोधाचे वाचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे आणि सकाळी एक समास वाचल्याशिवाय अक्का चहा घेत नाहीत.

मुंजीनंतर पंधरा दिवसांनी सायंकाळच्या चहाच्या वेळी, सर्व मंडळी जमलेली असताना, त्यांनी आमच्या सूनबाईस विचारले, "ते फेसलिफ्ट म्हणतात, ते किती वयापर्यंत करता येते गं?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग आम्ही हसलो आणि म्हणालो, "अक्का, आता कोणाला दाखवायचे आहे?"

अक्कांनी उत्तर दिले नाही. आपला पेला विसळून पालथा घातला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. पुढचे दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. आमचे एक चुलतबंधू योगायोगाने आलेले होते. त्यांनी प्रकरण मिटविण्याच्या सद्‌हेतूने दासबोधातील तिसऱ्या दशकाची, स्वगुणपरीक्षेची, आठवण करून दिली. देहाची आणि वार्धक्याची जी दैना समर्थांनी त्यात वर्णिली आहे तीवर त्यांनी लहानसे प्रवचनच केले. अक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते वाचायलाच तर डोळे उघडायला हवेत ना रे!"

तेव्हा कुठे आम्ही नीट पाहिले. गेले वर्षभर अक्का वाचताना डाव्या हाताचे बोट भुवईवर ठेवून बसत. आम्ही त्यास एकाग्रतेची खूण समजत होतो. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन पापण्यांच्या केसांवर उतरली होती आणि ती वर धरल्याशिवाय ओळ दिसत नव्हती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झालेली, चष्मा नवा. म्हणून डोळ्यांचा काही प्रश्न उरला आहे असे कोणासच वाटले नाही. सूनबाईपाशी मात्र त्यांनी याहून अधिक सांगितले. ओळखीची माणसे भेटली की "बरे नाही का?" किंवा "कोणावर रागावलात का?" असे विचारतात, मनात राग नसतो, दुःखही नसते, पण चेहरा ते दाखवीत राहतो. आणि सकाळी आरशात पाहिले म्हणजे आपली आई दिसते. हसती-बोलती आई नव्हे, तर शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडलेली आई.

हे ऐकल्यावर आमच्या त्या विनोदाबद्दल आम्हांस काय वाटले ते लिहीत बसत नाही. सूनबाईने वेळ ठरविली आणि ज्येष्ठात आम्ही तिघे छत्रपती संभाजीनगरास एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. ते अंतर आमच्या गावाहून जेमतेम साठ किलोमीटरांचे आहे. त्या शल्यवैद्य बाईंनी पहिला प्रश्न अक्कांस केला तो असा: "हे कोणाला हवे आहे?" दुसरे वाक्य आम्हांस उद्देशून होते, त्यांनी आम्हांस बाहेर बसावयास सांगितले. पुढील माहिती म्हणूनच सूनबाईच्या वहीतील आहे. तीत नंतर आम्ही केलेल्या वाचनाची भर घातली आहे.

चेहरा वयाबरोबर का उतरतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण शस्त्रक्रियेचे सर्व प्रकार त्यावरूनच निघालेले आहेत. सामान्य समज असा की कातडी सैल होते एवढेच. प्रत्यक्षात कातडीखाली चरबीचे लहान लहान थर आहेत, त्यांखाली स्नायूंशी जोडलेला एक पातळ पण चिवट पडदा आहे, आणि सर्वांत खाली हाडे. वय वाढते तसे गालाची चरबी काही ठिकाणी विरते, काही ठिकाणी खाली घसरते. तो पडदा सैलावतो. जबड्याची आणि डोळ्यांच्या खोबणीची हाडेसुद्धा थोडीथोडी झिजतात. मराठवाड्यासारख्या प्रांतात उन्हाचा हातभार यास मोठाच असतो. जुन्या उशीतील कापूस बसला म्हणजे अभ्रा सैल दिसतो. तो अभ्रा ओढून शिवून टाकला तर उशी ताणलेली दिसेल, भरलेली दिसणार नाही. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे ही साधी गोष्ट शल्यवैद्यांच्या हळूहळू ध्यानात येण्याचा इतिहास होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत ही शस्त्रक्रिया प्रथम झाली, तेव्हा कानापुढील कातडीच्या पट्ट्या कापून कडा शिवीत असत. तो ताण काही महिन्यांत ढिला पडे, कारण कातडीचा धर्मच ताणले की वाढण्याचा आहे. १९७४ साली स्कूग या स्वीडिश शल्यवैद्याने कातडीसह खालचा थर उचलण्याची रीत प्रसिद्ध केली. १९७६ साली मिट्झ व पेरोनी या दोघांनी तो थर शवविच्छेदन करून सविस्तर दाखवून दिला. तेव्हापासून ताण कातडीवर न देता त्या पडद्यावर द्यावयाचा आणि कातडी नुसती वर पसरून, उरेल तेवढी कापून, सैल हाताने शिवावयाची, ही रीत रूढ झाली. १९९० साली अमेरिकेतील हाम्रा यांनी पडद्याखालून जाऊन गालाची चरबीही त्यासह उचलण्याची पद्धत मांडली. कोणती रीत श्रेष्ठ, यावर तज्ज्ञांत अजूनही वाद आहेत आणि कोणत्याही एका पद्धतीचा निर्विवाद विजय झालेला नाही. वाचकांपैकी कोणास एखाद्या रीतीची फारच भलावण ऐकावयास मिळाली तर हे लक्षात असू द्यावे.

आता प्रकार. संपूर्ण फेसलिफ्टमध्ये छेद कानशिलावरील केसांत सुरू होतो, कानाच्या पुढच्या कडेने उतरतो, पाळीखालून वळून कानामागे जातो आणि मानेवरील केसांत संपतो. गाल, जबड्याची कड आणि मान ही तिन्ही त्यातून सुधारतात; कपाळ व डोळे सुधारत नाहीत. शस्त्रक्रियेस तीन-चार तास सहज लागतात, सूज व काळेनिळेपण दोन-तीन आठवडे राहते. ज्यांची सैलाई थोडी आहे त्यांच्यासाठी कानापुढील लहान छेदाचा प्रकार आहे. तो सोपा खरा, पण सत्तरीतल्या मानेस तो बहुधा पुरा पडत नाही. नुसती मानच लोंबत असेल तर हनुवटीखाली छेद घेऊन मानेच्या पातळ स्नायूच्या सुटलेल्या कडा मध्यभागी शिवतात. वृद्ध पुरुषांत कधी कधी गळ्याच्या मधोमध छेद घेऊन जास्तीची कातडी सरळ काढून टाकतात. वण समोर दिसतो, पण काम थोडक्यात आणि जागेपुरती भूल देऊन होते, म्हणून ज्यांना लांबलचक भूल सोसणार नाही अशांस ते उपयोगी पडते. गाल खोल गेले असतील तर पोटाची चरबी सुईने काढून तेथे भरतात. तिचा काही भाग शरीर जिरवून टाकते, हे आधीच धरून चालावे लागते. उशीतील कापसाची भरपाई ती हीच. सुईने द्यावयाची औषधे ही शस्त्रक्रियाच नव्हेत. बोटॉक्सने कपाळाच्या आठ्या तीन-चार महिने मिटतात, लोंबणारी मान त्याने वर जात नाही.

याच ठिकाणी एक घरगुती गोष्ट सांगण्यासारखी आहे. शल्यवैद्य बाईंनी अक्कांस दातांविषयी विचारले. कारण, दात गेलेल्या माणसाचा चेहरा खालच्या बाजूने आखूड होतो, ओठ आत जातात, गालास घड्या पडतात. त्याची दुरुस्ती सुरीने करणे म्हणजे पाया खचलेल्या भिंतीस गिलावा करण्यासारखे आहे. अशांनी प्रथम चांगली कवळी बसवून घ्यावी आणि सहा महिने आरशात पाहावे. अक्कांचे दात शाबूत निघाले, याचा त्यांस अभिमान वाटला.

मग पापण्या. आमच्या प्रकरणाचे मर्म येथेच होते. वृद्धांच्या जड पापणीची कारणे तीन असू शकतात आणि तिन्हींचे उपाय निराळे. कातडी वाढलेली असेल तर ती मापाने काढतात. भुवईच खाली आलेली असेल तर पापणीची कातडी कापून ती आणखी खाली येते. तेथे भुवई उचलावी लागते. पापणी उचलणारा स्नायूच निसटला असेल तर तो पुन्हा बसवावा लागतो. म्हणून आधी मापे घेतात. नजरेचे क्षेत्र तपासण्याची चाचणी एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर धरून करतात, म्हणजे कातडीमुळे किती दिसत नाही ते कागदावर उतरते. अक्कांच्या बाबतीत दोष मुख्यतः कातडीचाच ठरला. डोळे कोरडे पडणाऱ्यांनी ही शस्त्रक्रिया फार विचाराने करावी, कारण पापणी कमी मिटली तर कोरडेपणा वाढतो. आणि एकाच डोळ्याची पापणी एकाएकी पडली, दोन-दोन दिसू लागले किंवा बाहुली लहानमोठी झाली, तर तो वार्धक्याचा विषय नव्हे. त्याच दिवशी, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

तपासणी संपत आली तेव्हा शल्यवैद्य बाईंनी तंबाखूविषयी विचारले. सूनबाई "छे, आमच्याकडे कोणी नाही" असे सांगणार, तोच अक्कांनी पदराआडून तपकिरीची डबी काढून मेजावर ठेवली. ती ओढण्याची सवय त्यांना चाळीस वर्षांची आहे. आमच्या मातोश्रींनाही होती. बाई म्हणाल्या, "ही बंद झाल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही." किमान चार आठवडे आधीपासून आणि जखम भरून येईपर्यंत पुढेही. अक्कांनी विडी ओढत नाही, तंबाखू खात नाही, एवढे सांगून पाहिले. उत्तर मिळाले की निकोटीन नाकातून गेले काय, तोंडातून गेले काय, रक्तात ते एकच असते.

याचे कारण समजून घेण्यास आम्हांस दोन शतके मागे, पुण्यास, जावे लागले. सुश्रुताने गालाची कातडी वळवून नाक करण्याची रीत सांगितली आहे, हे सर्वांस ठाऊक असते. पण तसलेच काम पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याजवळ चालत होते, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा एक मराठा गडी पकडला गेला; इंग्रजी वृत्तात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात तोडला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. दोघा इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली आणि तिची हकीकत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली. मेणाचे नाक करावयाचे, ते चपटे करून कपाळावर ठेवावयाचे, भोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवावयाची. पण दोन भुवयांमधील एक अरुंद पट्टी मात्र तोडावयाची नाही. कातडी त्या पट्टीवर उलटी वळवून नाकाच्या जागी बसवावयाची आणि पाण्यात भिजविलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर माखून त्या पट्ट्या वर ठेवावयाच्या. होय, विड्याचा तोच कात. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक जागेवर जीव धरल्यानंतर, ती अरुंद पट्टी कापावयाची. हे वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपात या विद्येचे पुनरुज्जीवन झाले ते तेथून.

त्या अनामिक कारागिरास रक्ताभिसरणाची शास्त्रीय परिभाषा अवगत असण्याचे कारण नाही. पण उचललेली कातडी कशावर जगते, हे त्याच्या हातास ठाऊक होते. भुवयांमधील ती पट्टी म्हणजे कातडीची रसवाहिनी. ती लवकर तोडली तर नाक काळे पडून गळून जावयाचे. फेसलिफ्टमध्येही गालाची कातडी कानाकडून सोडवून उचलतात आणि तेवढा काळ ती चेहऱ्याच्या मध्याकडून येणाऱ्या रक्तावरच तग धरून असते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते. कानामागील कातडीचा टोकाचा भाग, जेथे रक्त सर्वांत शेवटी पोहोचते, तो अशा वेळी काळा पडून मरतो आणि तेथे कायमचा व्रण राहतो. अक्कांची डबी मेजावरच का राहिली, ते यावरून कळेल.

इतर धोकेही लिहून ठेवतो. सर्वांत अधिक घडणारा म्हणजे कातडीखाली रक्त साठणे. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो, रक्तदाब वाढलेल्यांत अधिक होतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो, कारण दाढीच्या कातडीस रक्तपुरवठा मोठा असतो. गालाची एक बाजू एकाएकी फुगून ठणकू लागली तर सकाळची वाट पाहू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी थांबवाव्या लागतात, पण त्या ज्याने हृदयासाठी सुरू केल्या त्यालाच विचारून. स्वतःच्या मनाने थांबवून चेहरा सुधारावयास जाणे आणि हृदय बिघडवून घेणे, असा सौदा होऊ नये. कानाच्या पाळीची बधिरता पुष्कळांस येते व बहुधा महिन्यांनी जाते. ओठ किंवा भुवई हलविणारी मज्जा दुखावली गेली तर तेथे दुबळेपणा येतो. तो बहुतेक वेळा तात्पुरता असतो, क्वचित कायमचा. आपल्या सावळ्या कातडीवर वण काळसर होण्याचा किंवा जाड होण्याचा संभव गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. पूर्वीच्या एखाद्या जखमेचा वण वाढलेला असेल तर ते सर्जनला आधी दाखवावे. मधुमेह आटोक्यात असला पाहिजे. वृद्धांस पूर्ण भुलेनंतर एखादे वेळी दोन-तीन दिवस भ्रम होतो. घरच्यांनी घाबरू नये, पण रुग्णास एकटे सोडू नये.

नुसते वय मात्र आड येत नाही, असे आम्हांस सांगण्यात आले आणि नंतर वाचनातही तेच आढळले. पासष्टीपुढील रुग्णांची नीट पारख करून निवड केली तर त्यांच्यातील उपद्रव तरुण रुग्णांपेक्षा फारसे वाढलेले दिसत नाहीत. पारख करून, हे शब्द महत्त्वाचे. जो शल्यवैद्य हृदयाचा आलेख न मागता तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावे. प्लास्टिक सर्जरीत एम्.सीएच्. किंवा डी.एन्.बी. झालेला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद असलेला वैद्य, आणि अतिदक्षतेची सोय असलेले रुग्णालय, यांखेरीज अन्यत्र जाऊ नये. आमच्या नात्यातील एका बाईंनी सौंदर्यप्रसाधनाच्या एका दुकानात गालात काहीतरी टोचून घेतले. काय टोचले ते त्यांस सांगण्यात आले नाही आणि ती गाठ काढावयास पुढे त्यांस खऱ्या डॉक्टरकडे जावे लागले. आरोग्यविम्यातून सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सामान्यतः वगळलेली असते. पापणी नजरेच्या आड येत असेल तर विमा कंपनीस नजरेच्या चाचणीचा कागद जोडून आधीच लेखी विचारून ठेवावे.

परतीच्या वाटेवर बदनापूर मागे पडेपर्यंत कोणी बोलले नाही. आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पापणीचे प्रकरण सरळ होते. दिसत नाही म्हटल्यावर कोण हरकत घेणार? पण अक्कांनी मानेचे आणि गालांचेही विचारले होते. त्यास आम्ही कोणत्या तोंडाने 'हौस' म्हणावे, आणि म्हटले तरी हौस करण्यास सत्तरीत बंदी कोणी घातली? पॅरिसमध्ये सुझान नोएल नावाच्या शल्यवैद्य बाईंनी १९२६ साली या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले तेव्हा तिचे सामाजिक कार्य काय, हा शब्दप्रयोग पुस्तकाच्या नावातच घातला होता. चेहरा थकलेला दिसतो म्हणून नोकरी जाणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे येत असत. अक्कांची नोकरी केव्हाच संपली आहे, हे खरे. तरी दुसरे एक उदाहरण आमच्या मनातून जाईना, आणि ते आपल्या महाराष्ट्रातीलच आहे.

डॉ. नोशीर अंटिया इंग्लंडात सर हॅरल्ड गिलीज यांच्यापाशी प्लास्टिक सर्जरी शिकून परत आले आणि १९५० नंतरच्या त्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. डॅप्सोन हे औषध तेव्हा नुकतेच उपलब्ध झाले होते. रोग बरा होऊ लागला होता. पण रुग्ण घरी जाईनात, किंवा गेले तरी घर त्यांना घेईना. कारण चेहरा. या रोगात नाकाचा कणा बसतो, भुवया झडतात, कानाच्या पाळ्या लांबतात. कातडी आधी फुगून जाड होते आणि औषधाने फूग उतरली की रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. तिशीतील माणूस साठीचा दिसतो. अंगात जंतू उरलेला नसतो, गाव मात्र चेहरा पाहून निकाल देते. अंटियांनी या चेहऱ्यांची पुनर्रचना हाती घेतली; पुढे मुंबईस सर जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. नाक आतून अस्तर देऊन उभे करणे, डोक्यावरील केसांसह कातडीची पट्टी आणून भुवई करणे, पाळी आखूड करणे, आणि लोंबणारी कातडी उचलून जादा भाग काढणे, म्हणजेच फेसलिफ्ट, या सर्व गोष्टी कुष्ठरोगाच्या शल्यचिकित्सेत आज मान्य आहेत. युरोपातील धनिक स्त्रियांची म्हणून जी शस्त्रक्रिया हिणवली गेली, ती येथे माणसास पुन्हा गावात शिरू देण्यासाठी वापरली गेली. आनंदवन आणि तपोवन यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचतो, आणि वाचावेच. पण ज्यांना तशा वसाहतीत न राहता आपल्याच ओसरीवर परत जावयाचे होते, त्यांच्यासाठी ही सुरी होती. अंटियांना १९९० साली पद्मश्री मिळाली व २००७ साली ते वारले.

अक्कांची तुलना आम्ही त्या रुग्णांशी करीत नाही. तसे करणे त्यांनाही आवडणार नाही. पण छायाचित्रातील मधली खुर्ची आमच्याच घरी रिकामी राहिली होती, आणि ती रिकामी आहे हे कळावयास आम्हांस छापलेला कागद पाहावा लागला. मुंबईहून आमच्या धाकट्या बंधूंनी "लोक काय म्हणतील" असा दूरध्वनी केला, तेव्हा "लोक म्हणतात तेच ऐकून तिने विचारले आहे" एवढेच आम्ही सांगितले. खर्चाविषयी बोलण्याचा कोणास अधिकार नव्हता, कारण पैसे अक्कांचे होते. तरी दोघे-तिघे बोललेच.

आषाढ सबंध तपकिरीवाचून गेला. ते दिवस घराने कसे काढले, याचे वर्णन करीत नाही. एकादशीस जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या यात्रेस जाऊन आल्यावर अक्कांस डबीची अशी काही आठवण झाली, की सूनबाईने सुंठेची पूड पुढे केली. ती ओढून झालेल्या शिंकांनी शेजारचे लोक विचारावयास आले. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात जागेपुरती भूल देऊन दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाली; दुपारी आम्ही त्यांना घरी घेऊन आलो. दोन दिवस बर्फाच्या घड्या, उशाशी दोन उशा, वाकावयाचे नाही, जड उचलावयाचे नाही. सहाव्या दिवशी टाके काढले. डोळ्यांखाली काळेनिळे झाले होते ते मंगळागौरीच्या सुमारास ओसरले. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी पोथी काढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समास वाचला. आम्ही वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून समोर बसलो होतो.

गालांविषयी शल्यवैद्य बाईंनी तीन महिने थांबून पाहावयास सांगितले होते. परवा पुन्हा दाखवावयास गेलो, तेव्हा आम्हांस आत बसू देण्यात आले. अक्का आरशात बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "गाल राहू द्यात. गाल आईचेच आहेत. आजारपणातले होते ते डोळे." मानेचे मात्र करावयाचे त्यांनी ठरविले आहे, हनुवटीखालच्या छेदाने, मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर. रक्तदाबाची वही तोवर रोज लिहावयाची आहे आणि ते काम आमच्याकडे आले आहे. तपकीरही तोवर बंदच, हे ऐकून अक्का खोलीबाहेर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. जिना उतरताना मात्र, आणखी चार महिने आहेत हे आधी का सांगितले नाहीस, म्हणून त्यांनी आम्हांलाच रागे भरले.